घोळक्यातला थेंब वेगळा मोजावा लागतो: जास्त दाबाखालच्या इंधन-बाष्पीभवनाचा हाताने करायचा हिशेब

फवाऱ्याचं सिम्युलेशन चालवणारे बहुतेकजण बाष्पीभवनाचं मॉडेल मेनूतून निवडतात आणि पुढे सरकतात. मॉडेलच्या पोटात मात्र एक गृहीतक असतं: थेंब एकटा आहे आणि त्याच्याभोवती गरम वायू हवा तेवढा आहे. डिझेल इंजिनात किंवा गॅस टर्बाइनमध्ये थेंब एकटा नसतोच. तो घोळक्यात असतो आणि त्याच गरम वायूवर शेजाऱ्यांचाही डोळा असतो. त्यात दाब ४०–६० बार असला की पाठ्यपुस्तकातल्या निम्म्या गोष्टी डळमळीत होतात.

हा लेख म्हणजे कोड चालवण्याआधी कागदावर करायचा हिशेब. तास-दीड तासात होतो. घोळक्याच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘थेंब किती वेगाने उडेल’ हा नसतोच. त्याच्या वाट्याला आलेल्या वायूत त्याला उडवण्याइतकी उष्णता आणि त्याची वाफ सामावण्याइतकी जागा आहे का, हे आधी पाहायचं. वेग नंतर.

पायरी १: उदाहरण पक्कं करा

सगळा लेख एकाच उदाहरणावर चालवतो, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. इंधन हेप्टेन, भोवती नायट्रोजन. वायूचं तापमान ८०० केल्विन, दाब ४० बार. थेंबाचा व्यास २० मायक्रॉन, सुरुवातीचं तापमान ३०० केल्विन.

हेप्टेन निवडायचं कारण सरळ आहे. तो एकच घटक असलेला द्रव आहे आणि त्याचे गुणधर्म नीट मोजलेले आहेत. क्रांतिक तापमान (ज्याच्या वर द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही) ५४० केल्विन, त्या बिंदूवरचा क्रांतिक दाब २७.४ बार, १ बारला उत्कलनबिंदू ३७१ केल्विन, ३०० केल्विनला घनता सुमारे ६८० किलो प्रति घनमीटर. खऱ्या डिझेलमध्ये शेकडो घटक असतात. त्याच्यापासून सुरुवात केलीत तर चूक भौतिकीत झाली की मिश्रणाच्या आकड्यांत, हे शेवटपर्यंत कळणार नाही.

वायूची घनता आदर्श वायूच्या समीकरणातून काढा: ४० बार आणि ८०० केल्विनला नायट्रोजन १६.८ किलो प्रति घनमीटर भरतो. १ बारला तोच ०.४२ भरतो. या दोन आकड्यांमधली चाळीस पट पुढे वारंवार भेटणार आहे.

आणखी एक आकडा लागतो, शेजारच्या थेंबाचं अंतर. ते मिलिमीटरमध्ये लिहू नका. थेंबाच्या व्यासाच्या पटीत लिहा: ‘अंतर ३ व्यास’, ‘अंतर १० व्यास’. अंतर मोजायचं ते केंद्रापासून केंद्रापर्यंत.

पायरी २: एकट्या थेंबाचं घड्याळ लावा

गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी १९५३ मध्ये मांडलेला डी-स्क्वेअर लॉ इथे वापरायचा. व्यासाचा वर्ग वेळेबरोबर एकसमान घटतो. घटण्याचा दर असा: आठ गुणिले वायूची उष्णतावाहकता, भागिले वायूची विशिष्ट उष्णता आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार, आणि त्याला गुणिले १ अधिक स्पाल्डिंग अंक याचं नैसर्गिक लॉगरिदम. स्पाल्डिंग अंक म्हणजे विशिष्ट उष्णता गुणिले वायू आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक, भागिले सुप्त उष्णता.

पृष्ठभागाचं तापमान कुठून आणायचं? १ बारला हेप्टेनचा थेंब ३४०–३५० केल्विनला स्थिरावतो. ४० बारला तो ४९०च्या आसपास स्थिरावू पाहतो, कारण तेवढ्या दाबात पुरेशी वाफ सोडायची तर पृष्ठभाग बराच जास्त तापावा लागतो. तिथे सुप्त उष्णताही उतरलेली असते. ३०० केल्विनला किलोमागे ३६५ किलोज्यूल असते, ती ४९०ला साधारण २०० उरते. गुणधर्म एक-तृतीयांश नियमाने काढा, म्हणजे पृष्ठभागाच्या तापमानात एकूण फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. इथे ते ५९३ केल्विन येतं. उष्णतावाहकता ०.०४४ वॅट प्रति मीटर-केल्विन, विशिष्ट उष्णता २ किलोज्यूल, द्रवाची मधली घनता ६०० धरली तर स्पाल्डिंग अंक ३.१ येतो आणि दर येतो सेकंदाला सुमारे ०.४१ चौरस मिलिमीटर.

२० मायक्रॉनच्या व्यासाचा वर्ग ०.०००४ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की आयुष्य निघतं साधारण १ मिलिसेकंद. हे तुमचं घड्याळ, पुढच्या प्रत्येक पायरीत याच्याशी तुलना करायची.

या घड्याळावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्याचे दोष जास्त दाबात उघडे पडतात. पहिला दोष तापण्याचा. द्रवात उष्णता हळू पसरते, २० मायक्रॉनच्या थेंबात आत ऊब मुरायलाही मिलिसेकंदाचा आठवा हिस्सा जातो. शिवाय ३०० ते ४९० केल्विन हा प्रवास लांबचा आहे, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग नुसतं तापण्यात जातो. दुसरा दोष फुगण्याचा. ३०० वरून ४५० केल्विनला जाताना हेप्टेनची घनता ६८० वरून साडेपाचशेच्या खाली-वर येते, म्हणजे काहीही न उडता व्यासाचा वर्ग १५ टक्क्यांनी वाढतो. प्रयोगाच्या आलेखात सुरुवातीला वर जाणारा उंचवटा दिसला तर तो मोजमापाचा दोष समजून खोडू नका. थेंब खरंच फुगलेला असतो.

तिसरा दोष मुळावरचा आहे. डी-स्क्वेअर लॉ धरून चालतो की थेंबाभोवतीचं वाफेचं आवरण क्षणात तयार होतं आणि थेंब त्या मानाने सावकाश आटतो. हे कितपत खरं, ते वायू आणि द्रव यांच्या घनतेच्या गुणोत्तरावर ठरतं. १ बारला ते दीड हजारात एक आहे, काळजी नको. ४० बारला तेहतिसात एक, १०० बारला तेरात एक. तिथे आवरण तयार होता होताच थेंब लहान झालेला असतो.

पायरी ३: ‘क्रांतिक दाबाच्या वर’ या शब्दांना घाबरू नका

हेप्टेनचा क्रांतिक दाब २७.४ बार, आपला दाब ४०. मग पृष्ठताण गेला, थेंब उरलाच नाही, सगळा दाट वायू झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. २७.४ हा आकडा शुद्ध हेप्टेनचा. थेंबाच्या पृष्ठभागावर शुद्ध हेप्टेन नसतो, तिथे हेप्टेन आणि नायट्रोजन यांचं मिश्रण असतं, आणि त्या मिश्रणाचा क्रांतिक दाब, पृष्ठभाग ५४० केल्विनपेक्षा बराच थंड असेल तर, शुद्ध हेप्टेनच्या कितीतरी वर असतो. ३०० केल्विनचा थेंब ४० बारच्या वायूत शिरला तर तो थेंबच असतो, त्याला पृष्ठताण असतो आणि तो गोलही असतो. पृष्ठभाग तापत तापत मिश्रणाच्या क्रांतिक बिंदूला पोहोचतो का, आणि तोवर द्रव उरतो का, हा मोजण्याचा प्रश्न आहे.

कामापुरता नियम असा ठेवा. दाब इंधनाच्या क्रांतिक दाबाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर आदर्श वायू आणि राऊल्टचा नियम (पृष्ठभागावरची वाफ थेट बाष्पदाबावरून काढणारा) चालतो. त्याच्या वर गेलात तर पेंग–रॉबिन्सनसारखं घन समीकरण घ्या, म्हणजे खऱ्या वायूचा दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं तिसऱ्या घाताचं समीकरण. १९७६ चं हे समीकरण आजही बहुतेक कोडमध्ये आहे. त्यातून तीन गोष्टी मिळवायच्या: पृष्ठभागावर वाफेचा खरा अंश, मिश्रणात तापमानानुसार घटत जाणारी सुप्त उष्णता आणि द्रवात विरघळलेला नायट्रोजन. तिसरी गोष्ट कमी दाबात नगण्य असते म्हणून लोक विसरतात. जास्त दाबात ती द्रवाची घनता आणि पृष्ठताण दोन्ही हलवते.

खालचा हिशेब मी मुद्दाम आदर्श वायू धरूनच केला आहे. ४० बारला खऱ्या वायूचा परिणाम वाफेची जागा काही टक्क्यांनी नव्हे, चांगलीच वाढवतो. पण हाताने करायच्या हिशेबात दिशा आणि उंबरठा कळला तरी पुरे.

पायरी ४: वाटणीचा हिशेब

इथे थांबून वेळ द्या, कारण घोळक्याचं निम्मं उत्तर या पायरीत आहे.

थेंब घनाकृती चौकटीत एकेक बसवलेत अशी कल्पना करा. प्रत्येक थेंबाच्या वाट्याला एक घन येतो, त्याची बाजू म्हणजे शेजाऱ्याचं अंतर. घनातून थेंबाचं आकारमान वजा केलं की उरतो तो त्याच्या वाट्याचा वायू. सूत्र छोटं आहे: अंतर भागिले व्यास, त्याचा घन, गुणिले १.९१, वजा १. याला वायूच्या घनतेने गुणा आणि द्रवाच्या घनतेने भागा. मिळालेला आकडा सांगतो की १ किलो इंधनामागे किती किलो वायू आहे.

आपल्या उदाहरणात, ४० बारला: अंतर १० व्यास असेल तर १ किलो हेप्टेनमागे ४७ किलो नायट्रोजन. ५ व्यास असेल तर ५.९ किलो. ३ व्यास असेल तर सव्वा किलो. पाचावरून तिनावर येताना अंतर फक्त दोन व्यासांनी कमी झालं, पण वाटा पावणेपाच पटींनी घटला. घनाचा हिशेब आहे हा. फवाऱ्याच्या फोटोत ‘थोडेसे जवळ’ दिसणारे थेंब प्रत्यक्षात फार गरीब झालेले असतात.

आता उष्णतेचा ताळेबंद. एका बाजूला वायू देणारा: वायूचे किलो गुणिले १.०९ किलोज्यूल गुणिले ८०० वजा शेवटचं तापमान. दुसऱ्या बाजूला इंधन घेणारा: ३०० केल्विनची सुप्त उष्णता ३६५ किलोज्यूल, अधिक वाफ गरम करायला केल्विनमागे २.१ किलोज्यूल. दोन्ही बाजू सारख्या केल्या की शेवटचं तापमान मिळतं.

५ व्यासांना ते ६३४ केल्विन येतं. सगळं इंधन उडूनही मिश्रण चांगलंच गरम आहे, हेप्टेनच्या क्रांतिक तापमानाच्याही वर. प्रश्न मिटला. १० व्यासांना तर वायू ८०० वरून ७७०च्या आसपास उतरतो, घोळका आहे हे त्याच्या गावीही नसतं.

३ व्यासांना उत्तर येतं ३९२ केल्विन, आणि इथे गडबड आहे. सगळं इंधन वाफ झालं असं धरलं तर मिश्रणात हेप्टेनचे रेणू १८ टक्के, म्हणजे ४० बारमध्ये त्याचा वाटा ७.३ बार. पण ३९२ केल्विनला हेप्टेनचा संपृक्त बाष्पदाब किती? अँटवान समीकरणाने तपासा: १० च्या पायाचं लॉगरिदम बरोबर ६.८९३९ वजा, १२६४.३७ भागिले सेल्सियस तापमान अधिक २१६.६४. उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतं. १.७६ बार निघतात. १.७६ बारच्या जागेत ७.३ बार वाफ मावणार नाही. आपलं गृहीतकच चुकलं, सगळं इंधन उडूच शकत नाही.

मग अंशाने सोडवा. एक तापमान धरा, त्याला किती वाफ मावते ते काढा, तेवढी वाफ आणि उरलेला तापलेला द्रव यांना लागणारी उष्णता वायूकडे आहे का पाहा. आहे असं निघालं तर तापमान थोडं वाढवा, नसेल तर उतरवा. मी ४२०, ४३०, ४३५ असे तीन प्रयत्न केले आणि ४३६ केल्विनला जमलं. वाफ झाली सुमारे ६० टक्के. उरलेला ४० टक्के द्रव संपृक्त वायूत नुसता तरंगत राहणार. त्याला एक मिलिसेकंद द्या नाहीतर एक तास, बाहेरून नवा गरम वायू आल्याशिवाय तो हलणार नाही.

याच रीतीने उंबरठाही काढता येतो: ४० बार, ८०० केल्विनला सगळं हेप्टेन जेमतेम उडायला १ किलोमागे साधारण १.७ किलो नायट्रोजन लागतो, म्हणजे अंतर ३.३ व्यास. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या घोळक्याचं अंतर याच्या वर आहे की खाली, यावर पुढची सगळी वाट ठरते.

तोच घोळका १ बारला न्या. ३ व्यासांच्या अंतरात किलोमागे ३१ ग्रॅम वायू उरतो. त्याची सगळी उष्णता घेतली तरी द्रव दहा केल्विनसुद्धा तापत नाही. १० व्यासांनाही १.२ किलोच मिळतो आणि सगळं इंधन उडेपर्यंत वायू ३८४ केल्विनवर येऊन ठेपतो. ४० बारच्या तीस अंशांच्या शेजारी ही चारशेहून जास्त अंशांची घसरण ठेवून पाहा. व्यासांच्या पटीत अंतर सारखंच असेल तर जास्त दाबातला घोळका कमी ‘घोळका’ असतो. पहिल्यांदा हे निघालं तेव्हा मी घनता उलटी घातली असणार म्हणून पुन्हा तपासलं होतं.

एक बारकावा राहतो. थंड झालेला वायू आकसतो. ८०० वरून ४३६ केल्विनला आलेला वायू, वाफ धरूनही, आधीपेक्षा बराच कमी जागा घेतो. दाब तर बदलत नाही, म्हणजे एकतर घोळका आकसणार आणि थेंब आणखी जवळ येणार, नाहीतर कडेने बाहेरचा गरम वायू आत ओढला जाणार. प्रत्यक्षात दोन्ही घडतं, आणि कडेचे थेंब नेहमी मधल्यांपेक्षा आधी संपतात.

पायरी ५: वाफेची मजल मोजा

वाटा पुरेसा आहे एवढ्याने भागत नाही. शेजाऱ्याची वाफ आणि शेजाऱ्याने केलेला गारठा आपल्या थेंबापर्यंत त्याच्या आयुष्यात पोहोचतो का, तेही पाहायचं. साधन सोपं आहे: विसरण गुणांक (वाफ वायूत किती झपाट्याने पसरते याचं माप) गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ.

विसरण गुणांक तापमानाच्या १.७५ घाताने वाढतो आणि दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. नायट्रोजनमधल्या हेप्टेनचा ५९३ केल्विनला १ बारचा गुणांक साधारण २५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, ४० बारला ०.६. एका मिलिसेकंदात वाफेची मजल १ बारला १६० मायक्रॉन, ४० बारला २५ मायक्रॉन.

आपल्या १० व्यासांच्या घोळक्यात शेजारी २०० मायक्रॉनवर आहे. १ बारला वाफ जवळजवळ त्याच्या दारापर्यंत जाते. ४० बारला ती आपल्याच थेंबाभोवती शालीसारखी लपेटलेली राहते. वायूची उष्णतेची मजलही दाबाबरोबर अशीच आखडते. म्हणून स्थिर वायूत आणि जास्त दाबात शेजाऱ्यांची जाणीव उशिरा होते. ३ व्यासांवर मात्र पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत ४० मायक्रॉनच आहेत. तिथे थेंबांची आवरणं आयुष्याच्या सुरुवातीच्या भागातच एकमेकांत मिसळतात.

पायरी ६: शेजाऱ्यांचा गुणक, आणि तो कुठे लावू नये

साहित्यात घोळक्यासाठी एक सुबक सूत्र सापडतं. एका थेंबाचा दर एकट्याच्या दराशी ताडला तर तो १ भागिले (१ अधिक बेरीज) इतका होतो. बेरीज म्हणजे प्रत्येक शेजाऱ्यासाठी थेंबाची त्रिज्या भागिले त्याचं अंतर. दोन थेंब एकमेकांना टेकले असतील तर सूत्र ०.६७ देतं. अचूक उत्तर २ चं नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे ०.६९. एका ओळीच्या सूत्रासाठी ही कामगिरी झकास आहे. दोन थेंब १० व्यासांवर असतील तर ०.९५, म्हणजे फरक नाहीच म्हणा.

आता १००० थेंब घ्या, अंतर तेच १० व्यास, गोलाकार घोळका. घोळक्याची त्रिज्या ६२ व्यास येते. बेरजेची सरासरी म्हणजे १.२ गुणिले थेंबांची संख्या गुणिले थेंबाची त्रिज्या भागिले घोळक्याची त्रिज्या, साधारण ९.७. गुणक निघतो ०.०९३. जोडीत पाच टक्क्यांचा फरक आणि हजारात एक-दशांश वेग! दूरचा शेजारी क्षुल्लक असतो, पण दूरचे शेजारी संख्येने खूप असतात.

चिऊ आणि लिऊ यांनी १९७७ मध्ये समूह-ज्वलनाचा अंक मांडला, त्यामागेही हीच बेरीज आहे. तो अंक शंभरात एकाच्या खाली असेल तर थेंब सुटे जळतात, १ च्या वर गेला तर ज्वाला घोळक्याच्या बाहेर राहते आणि आतले थेंब नुसते वाफ पुरवतात.

मी इथेच तोंडघशी पडलो होतो. एका कामात ४० बारच्या फवाऱ्यासाठी ०.०९ च्या आसपासचा गुणक सरळ दरात घातला. उत्तर आलं की द्रव इंधन समोरच्या भिंतीवर धो धो आदळतंय. आकडे घेऊन गेलो तेव्हा वरिष्ठांनी एकच विचारलं, “घोळक्याच्या आतला वायू कुठे गेला तुमचा?” खरंच गेला होता. हे सूत्र स्थिर अवस्थेचं आहे. त्यात घोळक्याच्या आतल्या वायूची स्वतःची उष्णता संपलेली असते आणि सगळी उष्णता बाहेरून, घोळक्याच्या कडेने झिरपत येते. पण आपल्या घोळक्यात किलोमागे ४७ किलो गरम वायू आतच बसलेला होता, आणि घोळक्याची त्रिज्या १.२४ मिलिमीटर असताना वाफेची मजल होती २५ मायक्रॉन. स्थिर अवस्था यायला लागणाऱ्या वेळेच्या हजारो पटींनी आधी थेंब संपणार होते.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी वाटा, मग मजल, आणि मजल घोळक्याच्या आकाराशी बरोबरी करत असेल तरच गुणक. १ बारच्या आसपास, लहान घोळक्यांत, तो छान चालतो. ४० बारला तो बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने नेतो.

पायरी ७: वायू हलता करा

आतापर्यंत वायू स्थिर होता. खऱ्या फवाऱ्यात तो नसतो. रान्झ आणि मार्शल यांचा १९५२ चा संबंध घ्या: नुसेल्ट अंक (थेंबाला उष्णता किती जोरात मिळते त्याचं माप) म्हणजे २ अधिक ०.६ गुणिले रेनॉल्ड्स अंकाचं (वायूचा रेटा आणि त्याची चिकटाई यांचं गुणोत्तर) वर्गमूळ गुणिले प्रांटल अंकाचं (वायूची चिकटाई आणि उष्णतेचा प्रसार यांचं गुणोत्तर) घनमूळ. सापेक्ष वेग १० मीटर प्रति सेकंद असेल तर १ बारला आपल्या थेंबाचा रेनॉल्ड्स अंक २.४ आणि नुसेल्ट २.८. ४० बारला रेनॉल्ड्स ९६ आणि नुसेल्ट ७ च्या वर. वारा एकच, पण दाट वायूत तो अडीच पट उष्णता घालतो.

पण हा फायदा टिकत नाही. थेंबाला वायूबरोबर वाहू लागायला साधारण ०.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे आयुष्याच्या निम्म्याहून कमी वेळ. दाट घोळक्यात तर थेंबच वायूला ओढून नेतात, कारण दोघांचं वजन एका तोलाचं असतं. मग सापेक्ष वेग आणखी लवकर मरतो.

टर्ब्युलन्स, म्हणजे वायूतली भोवऱ्यांची खळबळ, घोळके मोडतो तसा तो घोळके घडवतोही. थेंबाचा हा ०.४ मिलिसेकंदाचा काळ आणि लहान भोवऱ्यांचा काळ एकमेकांच्या जवळपास असले की थेंब भोवऱ्यांतून बाहेर फेकले जातात आणि भोवऱ्यांमधल्या पट्ट्यांत गोळा होतात. मॅक्सी यांनी १९८७ मध्ये याचं गणित मांडलं. म्हणजे सरासरी अंतर ६ व्यास असलेल्या फवाऱ्यात काही पट्ट्या ३ व्यासांच्या असू शकतात, आणि उंबरठा तर ३.३ चा आहे. सरासरीवर हिशेब केलात तर ‘सगळं उडतं’ असं उत्तर येतं आणि प्रत्यक्षात ओल्या पट्ट्या दूरपर्यंत जाताना दिसतात. शक्य असेल तिथे अंतराची सरासरी घेऊ नका, विभागणी घ्या.

नोझलच्या जवळ, अंतर उंबरठ्याच्या खाली असतं तिथे, बाष्पीभवनाचा वेग थेंबाच्या हातात उरतच नाही. किती गरम वायू आत ओढला जातो यावर सगळं ठरतं. सीबर्स यांच्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मोजमापांतून हेच निघालं: द्रव जिथवर पोहोचतो ती लांबी नोझलच्या छिद्राच्या व्यासाबरोबर वाढते, वायूची घनता आणि तापमान वाढलं की घटते, आणि इंजेक्शनचा दाब बदलला तरी जवळजवळ तीच राहते. दाब वाढवला की थेंब बारीक होतात, मग लांबी घटायला हवी होती. घटत नाही, कारण इंधन जितकं जास्त, तितकाच वायूही जास्त ओढला जातो.

पायरी ८: कोडमध्ये घालताना

बहुतेक कोड थेंबांचे गट करून ‘पार्सल’ हलवतात आणि ज्या सेलमध्ये (जागेचे जे छोटे तुकडे मिळून मेश होतो, त्यांतला एक) पार्सल आहे त्याचं सरासरी तापमान व वाफ थेंबाला दाखवतात. सेल घोळक्यापेक्षा मोठा असेल तर बाहेरचा गरम वायू सरासरीत मिसळतो आणि घोळका दिसतच नाही. सगळं इंधन झटपट उडतं आणि निकाल खूप छान वाटतो. उलट सेल थेंबाच्या आकाराच्या जवळ आणला तर थेंबाला त्याचीच वाफ ‘भोवतालची’ म्हणून परत दिसते, आणि एकटा थेंबही घोळक्यात असल्यासारखा रेंगाळतो. दोन्ही टोकं टाळा: सेल थेंबाच्या दहा-वीस व्यासांहून मोठा, पण घोळक्याच्या आकाराच्या निम्म्याहून लहान. हे दोन्ही एकत्र जमत नसेल तर मेशशी झगडू नका, पायरी ४ मधला वाटा उप-सेल दुरुस्ती म्हणून, म्हणजे सेलच्या आत न दिसणाऱ्या घोळक्याची भरपाई म्हणून, घाला.

संपृक्ततेची मर्यादा कोड पाळतो का, हे एका चाचणीत कळतं. बंद, स्थिर दाबाचा एकच सेल घ्या, त्यात ४० बार आणि ८०० केल्विनचा नायट्रोजन भरा, १ किलो हेप्टेनमागे १.२५ किलो या प्रमाणात थेंब टाका आणि दहा मिलिसेकंद चालवा. आदर्श वायूचं मॉडेल असेल तर ४३६ केल्विनच्या आसपास, साठेक टक्के वाफेवर गाडी थांबली पाहिजे. खऱ्या वायूचं मॉडेल थोडी जास्त वाफ दाखवेल, ते योग्यच आहे. सगळं उडून गेलं तर कुठेतरी उष्णता दोनदा मोजली जातेय. माझ्या अनुभवात तो दोष नव्वद टक्के वेळा विशिष्ट उष्णतेच्या तक्त्यात सापडतो.

पायरी ९: कशाशी ताडून पाहायचं

एकट्या थेंबासाठी नोमुरा आणि सहकाऱ्यांची १९९६ मध्ये आलेली मोजमापं घ्या: सूक्ष्म गुरुत्वात हेप्टेनचे थेंब, नायट्रोजन, १ ते ५० बार, ४०० ते ८०० केल्विन. त्यांतला कल तुमच्या मॉडेलला दाखवता आलाच पाहिजे. थंड बाजूला दाब वाढला की आयुष्य वाढतं, गरम बाजूला दाब वाढला की घटतं. दोन्ही टोकांना एकाच दिशेने जाणारं मॉडेल असेल तर पायरी ३ कडे परत जा, घोळक्याच्या वाटेला जाऊच नका.

फवाऱ्यासाठी ‘स्प्रे ए’ ही सर्वमान्य कसोटी आहे: डोडेकेन, ९० मायक्रॉनचं छिद्र, १५०० बार इंजेक्शन, वायू ९०० केल्विन आणि ६० बार. वायूची घनता २२.८ किलो प्रति घनमीटर. डोडेकेनचा क्रांतिक दाब १८ बार आणि क्रांतिक तापमान ६५८ केल्विन असल्याने उंबरठा हेप्टेनसारखा ३.३ व्यासांवर येणार नाही, तो पायरी ४ च्या रीतीने नव्याने काढा. मग मॉडेलची द्रव-लांबी मोजमापाशी लावून पाहा आणि इंजेक्शनचा दाब १५०० वरून १००० बारवर आणून पुन्हा चालवा. लांबी लक्षणीय बदलली तर तुमचा कोड अजूनही थेंबांना एकटेच समजतोय.